छज्ज्यावरची कबुतरं, छातीतली धाप

वेगात आलेलं कबूतर कधीकधी खिडकीच्या बंद काचेवर आपटतं आणि तसंच उडून जातं. काच फुटत नाही, पण तिच्यावर ठसा राहतो. उन्हाच्या तिरिपेत पाहिलं तर पसरलेले पंख, छातीची गोलाई, काही वेळा तर पिसाची एकेक शीर पांढुरक्या भुकटीत उमटलेली दिसते. त्यावरून बोट फिरवा. बोटाला लागणारी ती भुकटी टाल्कम पावडरीहून मऊ असते. कबुतराच्या अंगावरची काही पिसं टोकाशी सतत झिजत राहतात, त्यांची ही भुकटी होते आणि पिसांचा पाण्यापासून बचाव करते. पक्ष्यासाठी ती गरजेचीच. पण कबूतर पंख फडफडवतं तेव्हा ती हवेत उडते आणि खिडकी उघडी असेल तर घरात येते.

काचेवर दिसतो तो या भुकटीचा डोळ्यांना दिसण्याजोगा थर. तिच्यातले कितीतरी कण काही मायक्रॉनचेच असतात. पाच मायक्रॉनहून लहान कणाला नाकातले केस अडवत नाहीत, घसाही अडवत नाही. तो श्वासनलिकांच्या शेवटच्या फांदीपर्यंत, जिथे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोचतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीचंही तसंच. शहरातल्या घराजवळ घरटी करणाऱ्या पक्ष्यांमुळे आरोग्याला काय धोका असतो, या प्रश्नाचं मुख्य उत्तर या धुळीत आहे. आपण मात्र बराच काळ ते जंतूंमध्ये शोधत राहिलो.

कड्यावरचा पक्षी

कबूतर मुळात कड्याकपारीत राहणारं. सह्याद्रीच्या कड्यांवर, किल्ल्यांच्या बुरुजांत, जुन्या विहिरींच्या दगडी खोबणीत पारव्यांची वस्ती आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहे. झाडाच्या फांदीवर घरटं बांधणं हा त्याचा स्वभाव नाही. त्याला आडोशाची, सपाट, कोरडी आणि मांजराला पोचता येणार नाही अशी कपार लागते. आपण वीस-तीस मजली इमारती उभ्या केल्या आणि अशा कपारी त्याला मजल्यामजल्यावर दिल्या. संडास-बाथरूमच्या खिडक्या उघडतात तो डक्ट, खिडकीवरचा छज्जा, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची वीतभर जागा, कपडे वाळत घालायची गॅलरी, महिनोन्‌महिने बंद असलेल्या फ्लॅटची बाल्कनी. त्याच्या दृष्टीने हे सगळे कडेच.

एसीच्या युनिटमागे डोकावलं तर घरटं म्हणावं असं फारसं काही दिसत नाही. पाच-पंधरा काटक्या, झाडूचे हीर, एखादी तार, प्लास्टिकची दोरी आणि त्यात दोन पांढरी अंडी. पिल्लं मोठी होतात तशी त्यांची विष्ठा काटक्यांवर साचते, वाळते आणि सगळ्याचा मिळून एक घट्ट खवला तयार होतो. पुढची जोडी, बहुधा तीच जोडी, त्याच खवल्यावर पुन्हा अंडी घालते. अंडी उबायला सतरा ते एकोणीस दिवस लागतात आणि महिना-सव्वा महिन्यात पिल्लं उडतात. नर आणि मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा स्राव तयार करून पिल्लांना भरवतात. चिमणीला पिल्लं वाढवायला किडे-अळ्या मिळवाव्या लागतात. कबुतराला त्यांची गरज नाही. दाणे मिळाले की पुरे. म्हणूनच खाणं हाताशी असेल तर त्याची वीण बारा महिने चालते.

देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानुसार २००० सालापासून कबुतरांचं प्रमाण दीडशे टक्क्यांहून अधिक वाढलं आहे. त्याच काळात पक्ष्यांच्या अनेक जाती घटत चालल्या आहेत. म्हणजे या वाढीत निसर्गाची भरभराट शोधू नये. ती आपल्या बांधकामाची आणि आपण टाकलेल्या दाण्यांची आहे. एक कबूतर वर्षाला साधारण दहा-बारा किलो विष्ठा टाकतं. डक्टमध्ये वीस कबुतरं असतील तर वर्षाला दोनशे किलोहून जास्त माल साचतो, उन्हाने वाळतो आणि वाऱ्यावर उडतो. त्याच डक्टमध्ये वीस-तीस घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

शरीराची चुकलेली लढाई

या धुळीतून होणाऱ्या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. डॉक्टर बोलताना ‘एचपी’ म्हणतात. आजाराचं मूळ ओळखीचं आहे. कुजक्या गवताच्या धुळीमुळे शेतकऱ्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचं वर्णन इंग्लंडमध्ये १९३२ साली झालं. कबुतरं पाळणाऱ्यांना होणाऱ्या तशाच विकाराची नोंद १९६५ साली अमेरिकी वैद्यकीय साहित्यात झाली. तेव्हा तो शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांचा आजार मानला जाई. आपल्या शहरांत तो कबुतरांना कधी हातही न लावलेल्या माणसांना होतो, कारण इथे पिंजरा घराबाहेर आहे आणि घर त्याच्या वाऱ्यात.

हा संसर्ग नाही. कबुतराचा कोणताही जंतू इथे शिरलेला नसतो. पिसांच्या भुकटीत आणि विष्ठेत कबुतराची प्रथिनं असतात. त्याच्या आतड्यातलं श्लेष्म, रक्तातली प्रतिपिंडं. ही प्रथिनं रोज श्वासातून आत येत राहिली की काही माणसांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू ठरवते. वायुकोशांच्या भिंतींशी पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते. धूळ थांबली तर सूज ओसरते. धूळ रोज येत राहिली तर सूजही रोजची होते आणि शरीर तिथे व्रण भरावा तसे तंतू विणू लागतं. वायुकोशाची पातळ, लवचिक भिंत जाड आणि ताठ होते. फुप्फुस आक्रसतं. एकदा तंतू तयार झाले की ते विरघळवणारं औषध आजही उपलब्ध नाही.

एकाच घरातल्या पाच जणांनी तीच हवा घेतली तरी बहुतेक वेळा एकालाच त्रास होतो. यात आनुवंशिकतेचा भाग आहे, हवेतल्या मात्रेचा आहे आणि किती वर्षं ती हवा घेतली याचा आहे. जो माणूस घरात जास्त काळ असतो, गॅलरी झाडतो, कपडे वाळत घालतो, त्याच्या छातीत धूळ जास्त जाते. आपल्या घरांत हा माणूस बहुधा बाई असते.

भारतात हा आजार किती, याचं सगळ्यात ठळक चित्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदवहीतून पुढे आलं. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधून फुप्फुसाच्या अंतरालीय विकारांचे, म्हणजे वायुकोशांच्या भिंतींना बाधणाऱ्या विकारांचे, १,०८४ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना एचपी होता. पाश्चात्त्य देशांतल्या तशाच नोंदींत हे प्रमाण याच्या आसपासही नव्हतं. या नोंदवहीतली आणखी एक गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. या एचपी रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत संशय कूलरवर होता, त्याच्या ओल्या गवतात वाढणाऱ्या बुरशीवर. पक्षी हे दुसरं महत्त्वाचं कारण. दोन्ही ठिकाणी प्रकार तोच: आपण ज्या हवेला निर्धास्तपणे घरची हवा म्हणतो, तिच्यातच आजाराचं कारण असतं.

खोकला जात नाही तेव्हा

आजार दोन तऱ्हांनी येतो. एक तऱ्हा लवकर लक्षात येते. साचलेली घाण झाडल्यावर चार-आठ तासांनी ताप, कणकण, कोरडा खोकला, धाप. दोन दिवसांत बरं वाटतं आणि ‘व्हायरल होतं’ म्हणून विषय संपतो. दुसरी तऱ्हा चोरपावलांनी येणारी. कोरडा खोकला महिनोन्‌महिने राहतो. जिना चढताना धाप लागते आणि वय झालं, वजन वाढलं अशी समजूत घातली जाते. मग भाजीची पिशवी घेऊन बोलत चालणं जमत नाही. मग अंघोळ करताना दम लागतो.

याच काळात दोन चुकीच्या वाटा फुटतात. धाप आहे म्हणून दमा समजून वर्षभर पंप दिला जातो. एक्स-रेवर डाग आहेत म्हणून क्षय समजून सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. क्षयाचा एवढा भार असलेल्या देशात डॉक्टरच्या मनात तो आधी येणं स्वाभाविकच आहे. पण थुंकीत जंतू नाहीत, ताप नाही आणि औषधांनी काडीचा फरक नाही, अशा वेळी मागे वळून पाहायला हवं. ही दीड-दोन वर्षं वाया जातात. धूळ थांबवून फुप्फुस पूर्ववत होण्याची शक्यता ज्या काळात असते, नेमका तोच काळ हातचा जातो.

निदान एका चाचणीने होत नाही. स्टेथोस्कोपमधून पाठीवर वेल्क्रो उकलल्यासारखा बारीक करकर आवाज येतो. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात कुठे धुरकट, कुठे काळसर ठिगळं दिसतात. रक्तात कबुतराच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं तपासता येतात, पण ती सापडली म्हणजे आजार आहेच असं नाही आणि नाही सापडली म्हणजे नाहीच असंही नाही. गरज पडली तर दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन त्यातल्या पेशी पाहतात किंवा तुकडा काढतात.

आजाराचं स्वरूप सगळ्यात स्पष्ट दिसतं ते एका अगदी साध्या चाचणीत. रुग्णालयाच्या बोळात ३० मीटरच्या दोन टोकांना खुणा केलेल्या असतात आणि रुग्णाने त्यांच्यामध्ये सहा मिनिटं चालायचं असतं. बोटाला ऑक्सिमीटर. खुर्चीत बसलेलं असताना रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ९६ किंवा ९७, अगदी उत्तम. दुसऱ्या मिनिटाला ९२. चौथ्या मिनिटाला माणूस भिंतीचा आधार शोधू लागतो आणि आकडा ८७ वर येतो. शेजारी चालणारा नातेवाईक पहिल्यांदाच तो आकडा पाहतो, आणि घरी ‘उगाच कुरकुर’ वाटणारी गोष्ट किती खरी होती हे त्याला तिथे कळतं.

उपचारात स्टेरॉइड आहेत, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी मायकोफेनोलेटसारखी औषधं आहेत, तंतूंची वाढ संथ करणारं निंटेडानिब आहे. आजार पुढे गेला तर घरात प्राणवायूचं यंत्र येतं, अगदी शेवटी फुप्फुसाचं प्रत्यारोपण. पण या सगळ्याच्या आधीचं आणि सगळ्यांत मोठं औषध एकच: त्या धुळीपासून दूर जाणं. कबुतरं गेली तरी त्यांची प्रथिनं गालिचे, पडदे, गाद्या यांत महिनोन्‌महिने टिकून राहतात, म्हणून घराची नीट सफाई करावी लागते. काहींना तर घरच बदलावं लागतं. कर्जाचे हप्ते चालू असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट सोडायला सांगणं डॉक्टरला किती जड जात असेल, आणि ऐकणाऱ्याला किती, याची कल्पना करावी.

जंतूंना किती भ्यायचं

पक्ष्यांच्या घरट्यांबद्दल समाजमाध्यमांवर पसरणाऱ्या भयंकर याद्यांत पंचवीस-तीस रोगांची नावं असतात. त्यांची छाननी व्हायलाच हवी. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातले डॅनियल हाग-वाकरनागेल यांनी शहरी कबुतरांवर आयुष्य घालवलं आहे. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत २००४ साली जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या. माणसाला बाधू शकतील असे साठ प्रकारचे रोगकारक जीव कबुतरांमध्ये आढळले होते, पण त्यांतले सातच कबुतरांकडून माणसांपर्यंत पोचल्याचा पुरावा होता. १९४१ ते २००३ या काळात अशा संसर्गाच्या नोंदलेल्या घटना होत्या १७६. यातल्या बहुतेक दोन प्रकारच्या. एक सिटाकोसिस, म्हणजे क्लॅमिडिया जातीच्या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया. दुसरा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा. ही बुरशी वाळलेल्या, ऊन न लागलेल्या विष्ठेत टिकते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांच्यासाठी हा धोका खरा आहे, आणि त्यांच्या खिडकीबाहेर घरटं असू नये. इतरांच्या बाबतीत तो क्वचितचा.

बर्ड फ्लूचंही तसंच. भारतातला एच५एन१ चा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये झाला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि तेव्हापासून मेलेला कावळा दिसला तरी लोक हादरतात. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावं, हे बरोबरच. पण हा विषाणू मुख्यतः कोंबड्या-बदकांचा. कबुतरं त्याला सहसा दाद देत नाहीत, आणि छज्ज्यावरच्या घरट्यातून तो घरात येईल ही भीती अनाठायी आहे.

एक त्रास मात्र अगदी घराघरातला आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पिल्लं उडून गेली की घरट्यातल्या बारीक, रक्त पिणाऱ्या माइट उपाशी पडतात आणि खिडकीच्या फटीतून आत येतात. अंगावर लाल पुरळ येतं, रात्रभर खाज सुटते, ढेकूण मारायचा फवारा मारूनही थांबत नाही. रिकामं घरटं काढलं की थांबते.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण आहे. भीती चुकीच्या जागी गेली की माणूस सगळ्याच पाखरांच्या मागे लागतो. कुंडीत घरटं करणारा बुलबुल, वायरवर लोंबती पिशवी विणणारा सूर्यपक्षी, मीटरच्या पेटीमागची चिमणी यांची एक-दोन पिल्लावळीची वस्ती असते. काम झालं की ती निघून जातात. त्यांच्या विष्ठेचे थर साचत नाहीत. त्यांना दोन-तीन आठवडे जागा द्यावी, पिल्लं उडाल्यावर हातमोजे घालून घरटं काढावं, झालं.

दादरचा चौक

२०२५ च्या पावसाळ्यात हा विषय मुंबईच्या रस्त्यावर आला. ३ जुलैला राज्य सरकारने विधान परिषदेत मुंबईतले ५१ कबुतरखाने, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायच्या जागा, बंद करण्याची भूमिका मांडली. महापालिकेची कारवाई सुरू झाली, प्राणिप्रेमी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला आणि जुलैच्या अखेरीस बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्र्यांनी झाकण्यात आला. ६ ऑगस्टला आंदोलकांनी त्या फाडल्या. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. उच्च न्यायालयात पुढे तज्ज्ञांच्या समितीचा मार्ग निघाला.

या दिवसांत वाद भाषेचा आणि समाजाचा झाला. एका बाजूला जैन भाविक, दुसऱ्या बाजूला मराठी संघटना. ही विभागणी दुर्दैवी होती. जीवदया हे जैन परंपरेचं मोठं मूल्य आहे आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. बाळाला भरवताना चिऊकाऊचा घास बाजूला काढणाऱ्या आणि पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या संस्कृतीने तर तो अजिबात घेऊ नये. आणि धूळ धर्म विचारत नाही. कबुतरखान्याच्या आसपास राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, दाणे विकणाऱ्या सगळ्यांच्याच छातीत ती जाते. जो श्रद्धेने रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकतो, तो तर तिच्या सगळ्यांत जवळ उभा असतो.

जीवदयेच्या चौकटीतूनच पाहिलं तरी कबुतरखान्याचा हिशेब जुळत नाही. फुकटच्या दाण्याने वीण वाढते, दाटी होते, पिल्लं अरुंद छज्ज्यांवरून पडतात, आजार झपाट्याने पसरतात. दाणा टाकणाऱ्याला हे दिसत नाही, कारण ते त्याच्यापासून दूर, दुसऱ्याच्या गॅलरीत घडत असतं.

बाझलने काय केलं

बाझल शहराने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली. शहरातली कबुतरांची संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. जागा आणि खाणं शिल्लक असेल तर मेलेल्यांची जागा नव्या पिल्लांनी भरून निघते. १९८८ मध्ये हाग-वाकरनागेल यांच्या मार्गदर्शनाखाली शहराने उलट वाट धरली. खाणं घालू नका, त्याने कबुतरांचेच हाल होतात, हे लोकांना फलक, पत्रकं आणि वर्तमानपत्रांतून सातत्याने सांगितलं. काही ठिकाणी देखरेखीखालची खुराडी बांधली. तिथली अंडी काढून घेतली जात. चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००३ पासून आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ पासून दाणे टाकायला बंदी आहे. दोन्ही ठिकाणी कबुतरं संपलेली नाहीत. ती तिथे आहेत, पण चौकाला आणि माणसांना पेलतील इतकी.

आपल्याकडे खाणं बंद करणं हा निम्मा उपाय झाला. दुसरा निम्मा जागेचा आहे, आणि तो कुठल्याही न्यायालयाने सांगण्याची वाट पाहायची गरज नाही.

जाळी, पाणी आणि एक प्रश्न

बहुतेक सोसायट्यांत कबुतराची जाळी ज्याने त्याने आपल्या खर्चाने लावायची असते. परिणाम असा की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं चौथ्या मजल्यावर जातात. बंद फ्लॅटची गॅलरी आणि सामाईक डक्ट कुणाच्याच नसतात, आणि मोठी वस्ती तिथेच असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि लिफ्टच्या जोडीने डक्टच्या जाळीचा खर्च मंजूर व्हायला हवा. जाळी लावण्याआधी अंडी-पिल्लं आहेत का ते पाहावं आणि असली तर ती उडेपर्यंत थांबावं. आत पक्षी अडकवून जाळी ठोकणं क्रूर आहे, शिवाय मेलेल्या पक्ष्याची घाण तिथेच राहते. नव्या इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांनी छज्जा उतरता केला आणि एसीचा युनिट भिंतीला भिडवून किंवा जाळीच्या खोक्यात बसवला, तर पुढच्या पन्नास वर्षांचा हा त्रास नकाशावरच टळेल.

साचलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नये. आधी साबणाचं पाणी शिंपडून ती पूर्ण भिजवावी, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, खोलीकडच्या खिडक्या बंद कराव्यात, मग खरवडून पिशवीत भरून तोंड बांधावं. घरात कुणाला दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर त्याला तेवढा वेळ दुसरीकडे पाठवावं. मोठा डक्ट असेल तर ते काम साधनं असलेल्या माणसांकडून करून घ्यावं. आपल्याकडे हे काम दिवसाच्या मजुरीवर आलेला एखादा तरुण तोंडाला रुमाल बांधून करतो. त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी त्याला बोलावणाऱ्या सोसायटीची आहे, आणि मास्कचे पैसे बिलात धरायला कुणाची हरकत नसावी.

आणि एक प्रश्न. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला कोरडा खोकला किंवा वाढत चाललेली धाप घेऊन कुणी आलं तर गल्लीतल्या डॉक्टरपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येकाने विचारावं: घराजवळ कबुतरं आहेत का, पोपट-लव्हबर्ड पाळले आहेत का, कूलर आहे का, पिसांची उशी आहे का? डॉक्टरने विचारलं नाही तर रुग्णाने आपणहून सांगावं, शक्य असेल तर गॅलरीचा फोटो दाखवावा. या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, कोणतंही यंत्र लागत नाही, आणि तो पहिल्या महिन्यात विचारला गेला तर पुढचे स्कॅन, स्टेरॉइड आणि प्राणवायूची यंत्रं यांतलं बरंचसं टळतं. तंतू तयार झाल्यावर विचारलेल्या त्याच प्रश्नाचा रुग्णाला फारसा उपयोग होत नाही. म्हणून तो लवकर विचारला जावा, हा आग्रह धरण्याचा हक्क घरातल्या प्रत्येक खोकणाऱ्या माणसाला आहे.